कोटाच्या कडेनं

रेवदंड्याचा कोट पाहावा तो मार्गशीर्ष-पौषात. पावसाळ्यात तो दिसतच नाही. रान माजतं, वेली बुरुजांवर चढतात आणि पोर्तुगीजांची सोळाव्या शतकातली तटबंदी हिरवाईखाली बुडून जाते. दिवाळीनंतर गवत पिवळं पडतं, वाळून खाली बसतं आणि मग एकेक दगड डोकं वर काढतो. थंडी म्हणावी तशी इथं पडत नाही. पहाटे खांद्यावर शाल हवीशी वाटते, एवढंच. पण चालण्यासाठी याहून चांगले दिवस कोकण किनाऱ्यावर नाहीत.

सकाळी मतलई वारा असतो. डोंगराकडून समुद्राकडे निघालेला, कोरडा, वाटेतल्या चुलींचा धूर बरोबर घेऊन आलेला. त्या वेळी पाणी निपचित पडलेलं असतं. ओहोटी साधली तर मी तटाच्या बाहेरच्या अंगानं चालतो. एका हाताला भिंत, दुसऱ्या हाताला ओली काळसर वाळू. वडा-पिंपळाची मुळं सांध्यासांध्यांतून उतरलेली. या मुळांनी भिंत फोडली की सावरून धरली? मला वाटतं, आता एकाला हात लावला तर दुसरं ढासळेल.

दुपार कलली की वारा फिरतो. खारा वारा सुटला की मी कोटाच्या आत शिरतो. आत गाव आहे, नांदतं गाव. अलिबागहून मुरुडकडे जाणारा रस्ताच कोटातून जातो. नारळी-पोफळींच्या वाड्या, अंगणात वाळत पडलेल्या सुपाऱ्या, आणि त्या झाडांच्या गर्दीत मध्येच उभा असलेला सातखणी मनोरा. नावाप्रमाणे सात खण आता उरलेले नाहीत, वरचे कधीच कोसळले. तरी माडांच्या बरोबरीनं तो अजून उभा आहे. चर्चच्या पडक्या भिंतीलगत कुणाची तरी गाय बांधलेली असते. याची हळहळ करणारे पुष्कळ भेटतात. मला मात्र तिकीट लावून कुलपात ठेवलेल्या किल्ल्यापेक्षा हा माणसांच्या वापरातला कोट अधिक जिवंत वाटतो. फक्त त्याचे दगड कुणी उचलून नेऊ नयेत, एवढं मनापासून वाटतं.

हा तट उठण्याआधीच रेवदंड्याला लागून असलेल्या चौल बंदराचं नाव दूरवर पोचलं होतं. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी 1469 च्या सुमारास इथं उतरला, विकायला एक घोडा घेऊन. त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे. तो व्होल्गाकाठच्या त्वेर गावचा, म्हणजे नद्या गोठवणाऱ्या हिवाळ्यांत वाढलेला. इथली माणसं उघड्या अंगानं वावरतात, याचं त्याला नवल वाटलं आणि ते त्यानं लिहून ठेवलं. पौषातल्या सकाळी शाल गुंडाळून फिरताना मला त्याची हटकून आठवण येते.

पुढे पोर्तुगीज आले, कोट उठला, वेढे पडले. 1739 मध्ये मराठ्यांनी वसई घेतली आणि पुढच्याच वर्षी हा कोटही त्यांच्याकडे आला. फिरंगी गेले. पण कोटाच्या दक्षिण टोकाशी उभं राहून कुंडलिकेच्या मुखापलीकडे पाहिलं की कोर्लईचा डोंगर दिसतो. त्याच्या पायथ्याच्या गावातली ख्रिस्ती कुटुंबं आजही घरात पोर्तुगीज-मराठीच्या मिलाफातून घडलेली बोली बोलतात. खाडीच्या अलीकडे दगड टिकले, पलीकडे शब्द. दोन्हींतलं काय अधिक चिवट, असं कुणी विचारलं तर मी पलीकडे बोट दाखवीन. शब्दांना गवंडी लागत नाही, पण रोज बोलणारं माणूस मात्र लागतं.

दत्तजयंतीला चौलच्या टेकडीवर यात्रा भरते आणि दोन्ही गावांचे रस्ते माणसांनी फुलतात. ती सरली की वालाच्या शेंगा भरायला लागतात आणि पोपटीचे दिवस येतात. भांबुर्ड्याचा पाला तळाशी घालून मडक्यात शेंगा, ओवा, जाडं मीठ भरायचं, तोंडही पाल्यानंच बंद करायचं, मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा नि झावळ्या पेटवायच्या. पाणी नाही, तेल नाही. त्या पाल्याचा उग्र वास तटाच्या भगदाडातून बाहेर येतो आणि फिरणाऱ्याचे पाय आपोआप तिकडे वळतात. आगीभोवतीची मंडळी ओळख विचारत नाहीत. "बसा हो, आता उघडेलच," एवढं म्हणतात आणि बाजूला सरकून जागा करतात. मग फिरणं तिथंच थांबतं.