कुंपणाची उंची

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे मराठीत म्हणतात. त्याच कुंपणाने शेत खाल्ल्याची तक्रारही मराठीत आहे आणि ती एकट्या मराठीची नाही. हिंदीतील बाड़, तेलुगूतील कंचे, कन्नडमधील बेली आणि तमिळमधील वेली या सर्वांवर लोकोक्तींनी हाच आरोप ठेवला आहे. बाराव्या शतकातील बसवण्णांच्या एका वचनातही तो आढळतो. भारतीय भाषांतील साम्य दाखवताना वर्गात हे उदाहरण मी नेहमी देते. परंतु या साऱ्या म्हणी शेतधन्याच्या बाजूच्या आहेत. राखणदारच घात करील, ही त्यांची चिंता. आतल्यानेच बाहेर जायचे ठरवले तर कुंपणाने काय करावे, हा प्रश्न त्यांना पडत नाही. मला तो एका कुत्रीमुळे पडला.

२०२२ च्या जुलैमध्ये अभ्यागत प्राध्यापक म्हणून मी हैदराबादेस आले. ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळांमधून वसलेल्या त्या परिसरात मिळालेल्या घरामागे एक लहानसे आवार होते. शेजारच्या तेलुगूभाषक प्राध्यापिका त्याला 'पेरडु' म्हणत आणि माझ्या कोल्हापुरी कानांना त्यात आपले 'परडे' ऐकू येई. आधीच्या रहिवाशांनी जाताना घराच्या किल्ल्यांबरोबर दोन वर्षांची एक कुत्रीही माझ्या हवाली केली. ती शुद्ध जातीची नव्हती. पण निमुळते तोंड, खोल छाती, आत गेलेले पोट आणि लांबसडक पाय पाहता तिच्या अंगात मुधोळचे रक्त असावे. घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेली आणि आपल्याकडे कारवान म्हणून ओळखली जाणारी ही शिकारी जात मुळी धावण्यासाठीच घडलेली. मी तिचे नाव सरमा ठेवले. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात इंद्राची दूती सरमा पणींकडे येते, तेव्हा रसा नदीचे पाणी तू ओलांडलेस कसे, असे ते तिला विचारतात. आमच्या सरमेने पहिल्याच आठवड्यात साडेचार फुटांची भिंत ओलांडली.

भिंतीपलीकडे रहदारीचा रस्ता होता. सप्टेंबरात एका रात्री ती लंगडत परतली; मांडीवरची कातडी सोलून निघाली होती. हाड शाबूत आहे, असे पशुवैद्यांनी सांगितले. पुढच्या वेळी तसे सांगता येईलच असे नाही, हे सांगायची त्यांना गरज पडली नाही.

उपाय सुचवणारे पुष्कळ भेटले. कोणी भिंतीवर काचा बसवायला सांगितल्या, कोणी साखळी, कोणी परतल्यावर चांगला मार. काचांनी झेप थांबत नाही, पाय तेवढे कापतात. सतत बांधलेले कुत्रे भित्रे होते किंवा चावरे. आणि परतल्यावर मार दिला, तर त्या मुक्या जिवाला त्याचा संबंध झेपेशी नव्हे, परतण्याशी जोडता येतो. पुढच्या वेळी ते परतायचेच टाळते. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाच्या भावांनी सरमेच्या पिल्लाला असेच विनाकारण मारले. का मारलेत, या तिच्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही आणि अकल्पित भयाचा शाप मात्र पदरी पडला. तिच्या नावाच्या कुत्रीवर हात उगारण्यास मी धजावणे शक्य नव्हते.

म्हणून मी चार दिवस खिडकीशी बसून नुसते पाहिले. सरमा भिंत एका झेपेत ओलांडत नसे. दहाबारा पावले धावून ती धुण्याच्या दगडावर पाय देई, पुढचे पंजे भिंतीच्या माथ्यावर टेकी आणि मागच्या पायांनी अंग वर रेटी. म्हणजे तिला तीन गोष्टी लागत: धावायला जागा, चढायला पायरी आणि पकडायला माथा. दगड हलवला. भिंतीपासून दोन फूट आत मेंदीची दाट रोपे लावून त्यांना बांबूच्या कामट्यांचा आधार दिला. धाव तिथे मोडू लागली. माथ्यावर एका लोखंडी सळईत प्लॅस्टिकचा जाड पाइप सैल ओवून बसवला. पंजा टेकताच तो फिरे आणि पकड सुटे. खर्च भिंत वाढवण्याहून पुष्कळ कमी आला.

झेप कशी थांबवावी, हे एवढ्याने कळले. ती का घेतली जाते, हे मात्र भिंतीकडे पाहून कळण्यासारखे नव्हते. चारही दिवस तिने वेळ एकच साधली होती, संध्याकाळी साडेपाचची. पाचव्या दिवशी त्या वेळेला मी तिला पट्टा लावला आणि फाटकातून तिच्यामागे निघाले. रस्ता ओलांडून ती थेट एका इमारतीच्या बांधकामापाशी, मजुरांच्या पत्र्याच्या खोपटांकडे गेली. महबूबनगरकडून आलेली कुटुंबे होती ती. पालमूरचे मजूर म्हणून सारे शहर त्यांना ओळखते आणि बांधकामांवर राबवते. चुलीवर ज्वारीच्या भाकरी पडत होत्या. सातआठ वर्षांची एक मुलगी 'मल्ली, मल्ली' करीत धावत आली आणि सरमेच्या गळ्यात पडली. तिची आई तेलुगूत, मी मोडक्या दखनीत, असे आमचे बोलणे झाले. 'अम्मा, याच खोपटात जन्मली ही. तुमच्या आधीचे साहेब पिल्लू असताना घेऊन गेले.' मल्ली म्हणजे मोगरी. तेलुगूत 'मळ्ळी' म्हणजे पुन्हा. ल आणि ळ यांतील हा भेद मराठी कानाला शिकवावा लागत नाही. पण त्या कुत्रीच्या बाबतीत दोन्ही शब्द सारखेच खरे होते.

तेव्हापासून साडेपाचला आम्ही दोघी फाटकातून जाऊ लागलो. तासभर तिथे बसून परत येत असू. तीन आठवड्यांत तिने भिंतीचा नाद सोडला. हे पाइपाने साधले की भाकरीने, याचा निवाडा मी करणार नाही; एकट्या पाइपाला मात्र ते साधले असते असे मला वाटत नाही.

२०२३ च्या मार्चमध्ये इमारत पुरी झाली आणि कंत्राटदाराने मजुरांना शहराच्या दुसऱ्या टोकाला हलवले. सरमेला त्यांच्याकडे सोपवावे, असे माझ्या मनात होते; तसे मी विचारलेही. मुलीची आई म्हणाली, 'आमचाच ठिकाणा नाही अम्मा, हिला कुठे नेऊ?' मुलगी काही बोलली नाही. खोपटे उतरली, पत्रे ट्रकवर चढले. त्यानंतर कितीतरी दिवस सरमा साडेपाचला फाटकाशी जाऊन बसे आणि अंधार पडल्यावर उठून आत येई. भिंतीकडे ती वळूनही पाहत नसे. ज्या भिंतीसाठी मी एवढी खटपट केली, ती आता दोन फुटांची असती तरी पुरली असती. कुंपणाची खरी उंची पलीकडे कोण आहे यावर ठरते. पलीकडे कोणीच उरले नाही, की कोणतेही कुंपण पुरेसे होते. ते यश मला नको होते.

मे महिन्यात माझीही मुदत संपली. सरमेला मी कोल्हापूरला आणले आहे. इथली भिंत जेमतेम तीन फुटांची आहे. ती वाढवून घे, असे भाऊ सांगतो. मी तूर्त शेजारच्या मुलांशी तिची ओळख करून देते आहे. संध्याकाळी साडेपाचला ती अजूनही उठून कान टवकारते आणि मी पट्टा हाती घेते.