रेडिएटरचं मखर

दिसते ती धूळ काढणारी माणसं वेगळी आणि दिसत नाही ती शोधून काढणारी वेगळी. आमची ही दुसऱ्या पंथातली. माळ्यावर, कपाटामागे, इतकंच काय, पाहुण्यांच्या गोड बोलण्यामागेसुद्धा काय साचलंय ते तिला बरोबर दिसतं. अशी बाई सहा महिने इंग्लंडात मुलीकडे राहायला गेली की तिची काय उपासमार होत असेल! तिथं भांडी यंत्र घासतं, कपडे यंत्र धुतं आणि पोळपाटाएवढं एक यंत्र आपलं आपण घरभर केर काढत हिंडतं. पहिला आठवडाभर ही त्याच्यामागून केरसुणी घेऊन हिंडली. मग "आई, तुम्ही बसा हो" हे जावईबापूंचं वाक्य ऐकून ऐकून खरंच बसली. बसणं तिच्या प्रकृतीला मानवत नाही.

तिला वाचवलं रेडिएटरनं.

आपल्याकडे हा शब्द ऐकू येतो तो मोटारीच्या संदर्भात, आणि तोही घाटात. तिकडे मात्र जवळजवळ प्रत्येक खोलीत, बहुधा खिडकीखाली, रेडिएटर असतो. बॉयलरमध्ये तापलेलं पाणी नळ्यांतून येतं आणि त्याच्या पोकळ पत्र्यांतून फिरतं. १८५०च्या दशकात सेंट पीटर्सबर्गमध्ये कारखाना चालवणाऱ्या फ्रान्झ सान गाल्ली या गृहस्थाला त्याच्या शोधाचं श्रेय सहसा देतात. रशियातल्या थंडीत माणसाला दुसरं काय सुचणार!

पत्र्यांच्या मधे चुण्या असतात. खालून गार हवा आत शिरते, चुण्यांमधून तापते आणि वर जाते. हवेबरोबर धूळही आत येते, पण तिला वर जायची घाई नसते. ती जुन्या भाडेकरूसारखी चिकटून बसते. मग हवेची वाट अडते, खोली नीट तापत नाही आणि थंडीच्या सुरुवातीला हीटिंग चालू केलं की पहिल्या दिवशी घरभर करपट वास सुटतो.

मुलीच्या दिवाणखान्यातल्या रेडिएटरला लाकडी आवरण होतं. पुढे जाळी, वर फळी, थेट मखरच! फळीवर किल्ल्या, टपाल, फोटो आणि हिनंच मागल्या खेपेला नेलेला पितळी गणपती. दिवाळी आठ दिवसांवर आली असताना हिनं त्या जाळीला डोळा लावला आणि ओरडली, "अहो, देवाखाली गोधडी आहे!"

"आई, ते फिक्स्ड असतं," जावईबापू म्हणाले. ते इंजिनियर आहेत.

"माणसानं बसवलंय ना? मग माणसाला काढता येईल."

हीटिंग बंद करून तासभर सगळं गार होऊ दिलं. मग गणपतीला टेबलावर हलवून दोघांनी आवरण वर उचललं. ते भिंतीतल्या दोन आकड्यांवर नुसतं टेकलेलं होतं. आत खुद्द रेडिएटर. त्याच्या दोन्ही कडांच्या पट्ट्या वर ओढल्यावर सुटल्या, वरची जाळी निघाली. हिनं एकेक भाग वर्तमानपत्रावर ओळीनं मांडला. जावईबापूंनी परत जोडताना घोटाळा नको म्हणून प्रत्येक पायरीचा फोटो काढला. खाली ओलं फडकं पसरून ही लांब दांड्याच्या ब्रशानं चुण्या घासत होती, आणि नात वरून केस वाळवायच्या यंत्रानं वारा घालत होती. माझ्याकडे बॅटरी धरण्याचं खातं होतं.

धूळ निघाली ती नमद्यासारखी, सलग. तिच्याबरोबर तीन खडू, एक गोटी, एक मोजा आणि एक पाकीट. पाकिटावर हिचं अक्षर होतं.

दोन वर्षांपूर्वी नातीच्या वाढदिवसाला हिनं चार पानी पत्र लिहिलं होतं. फोन हाताशी असताना पत्र, म्हणजे बघा! त्यावर मुलीकडून एक अक्षर आलं नाही. हिनंही विचारलं नाही. "त्यांना कुठला वेळ?" एवढंच एकदा म्हणाली आणि त्यानंतर फोनवरचं तिचं बोलणं दोन मिनिटांनी आखूड झालं. बाकी कुणाला ते कळलं नसेल. मला कळत होतं.

पाकीट फळीवरच्या टपालातून भिंतीकडच्या फटीत घसरलं असावं. दोन हिवाळे शेकून त्याचा पापड झाला होता, पण चिकटवलेलं तोंड तसंच होतं. मुलगी काहीच बोलली नाही. तिथंच जमिनीवर, त्या धुळीच्या शेजारी फतकल मारून तिनं ते फोडलं आणि लेकीला मोठ्यानं वाचून दाखवू लागली. तिसऱ्या पानावर तिचा आवाज बसला, तेव्हा नातीनं पत्र हातातून घेतलं आणि मराठी अक्षरं जुळवत पुढे वाचलं. जावईबापू खूप वेळ एकच पट्टी पुसत राहिले.

संध्याकाळी आवरण जागेवर बसलं, वर गणपती बसला. हीटिंग चालू केलं. करपट वास नाही, आणि खोली बघता बघता तापली. "बसा हो आई" असं म्हणायला जावईबापूंनी तोंड उघडलं, तेवढ्यात मुलगी मधेच म्हणाली,

"आई, वरच्या मजल्यावर अजून चार आहेत गं."

हिनं पदर खोचला.