पुढ्यातले पैसे

द्यूताचे समर्थन करण्याची आमची इच्छा नाही आणि तितकी योग्यताही नाही. एका परक्या खेळाच्या नियमाने जवळजवळ चार तपांपूर्वीचा आमचा एक डाव आमच्यापुढे पुन्हा उलगडून ठेवला, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

गेल्या सुटीत नातवाने आम्हांस पोकरचा खेळ शिकविला. पैशांच्या जागी चिंचोके होते. त्यामुळे घरच्या मंडळींनी हरकत घेतली नाही. एकोणिसाव्या शतकात मिसिसिपी नदीवरील आगबोटींतून फोफावलेला हा खेळ म्हणजे निव्वळ लबाडांचा बाजार, अशी आमची समजूत होती. थापा मारण्यास तेथे खरोखरच पूर्ण मुभा आहे. परंतु थाप मारावयाची ती कशी, ह्याविषयीचे नियम मात्र एखाद्या सावकारी दस्तऐवजासारखे कडक! आपल्या पाळीला उच्चारलेला शब्द खेळाडूस बांधतो. ‘तुझे पन्नास पाहतो’ असे म्हणावे, क्षणभर प्रतिपक्षाचा चेहरा न्याहाळावा आणि मग हळूच ‘वर आणखी शंभर’ असे पुस्ती जोडावी, ही सोय तेथे नाही. काय वाढवावयाचे ते एकदाच बोलून वा एकदाच पुढे सारून मोकळे व्हावे. वाढही मनास येईल तेवढी करता येत नाही. कोणी १०० लावले आणि दुसऱ्याने ३०० केले, तर वाढ २०० ची झाली. तिसऱ्यास वाढवावयाचे असल्यास त्याने निदान ५०० करावेत. उगाच दहा-पाच टाकून पुढच्यास खिजविण्याची तेथे परवानगी नाही.

हे सारे आम्ही कौतुकाने ऐकत होतो. तेवढ्यात आमचे चिंचोके संपत आले. नातवाने चढविलेली रक्कम भरण्याजोगे ते उरले नव्हते, म्हणून आम्ही पाने खाली ठेवू लागलो. तो म्हणाला, “आजोबा, टाकू नका. आहेत तेवढे सगळे लावा. तेवढ्यापुरते तुम्ही डावात आहात.”

नियम असा की, डाव सुरू होताना ज्याच्या पुढ्यात जे असेल तेवढ्याचाच खेळ. मध्येच खिशात हात घालता येत नाही आणि प्रतिपक्षाची थैली मोठी म्हणून कोणास उठविताही येत नाही. एकापाशी ४० आणि दोघांपाशी शंभर-शंभर असले व तिघांनीही सर्वस्व लावले, तर प्रत्येकाच्या चाळिसांची मिळून १२० ची मुख्य रास होते. तिच्यावर तिघांचाही हक्क. उरलेल्या साठ-साठांची रास निराळी. ती त्या दोघांपुरती. (सभापर्वात द्रौपदीने विचारलेला प्रश्न थोडाफार ह्याच जातीचा आहे: जो स्वतःस आधीच हरला, त्याच्या पुढ्यात पणास लावण्याजोगे उरले होते काय? त्या सभेतील वृद्धांपेक्षा आगबोटींवरील जुगारी अधिक स्पष्टवक्ते निघाले, असे म्हणावे लागते.)

नातवाच्या त्या वाक्यासरशी आम्हांस १९७८ सालच्या दिवाळीतील आमचे आजोळ आठवले. माजघरात जाजमावर तीन पत्ती रंगली होती. आम्हांस नुकतीच नोकरी लागली होती. आमच्याहून दोन वर्षांनी वडील असलेला मावसभाऊ मात्र अद्याप नोकरीच्या शोधात होता. ‘डावात उसनवारी करावयाची नाही’ हा आजीचा दंडक. तो तिने भल्यासाठीच घातला होता. बाकीच्यांनी पाने टाकली आणि आम्ही दोघेच उरलो. मध्ये ४६ रुपये जमले होते. आमच्या हातात दहा, सात आणि चार, तीही वेगवेगळ्या रंगांची. म्हणजे काहीच नाही. त्याची शेवटची चाल आठाची होती. चाल देऊन झाल्यावर तळहाताआड त्याने उरलेले पैसे मोजले, ते आम्ही पाहिले. अकरा होते.

आम्ही सोळा टाकले.

पाने पाहिलेल्यास चाल दुप्पट करता येते; आम्ही नियमाबाहेर काहीच केले नाही. पुढे खेळावयास त्यास सोळा हवे होते, आणि पाने दाखवा म्हणावयासही सोळाच. तो थोडा वेळ पानांकडे पाहत राहिला व मग त्याने ती पालथी ठेवली. पत्ते गोळा करताना आम्ही ती पाने उलटून पाहिली. बदामाची सात, आठ, नऊ. पोकरच्या नियमाने त्याचे अकरा मान्य झाले असते, आमचे वरचे पाच परत आले असते आणि ६८ रुपये त्याच्या पुढ्यात गेले असते. दुसऱ्या दिवशी तो ट्रंक डोक्यावर घेऊन एस्टीच्या थांब्यापर्यंत चालत गेला. आम्ही टांग्याने गेलो.

परवा एका लग्नात त्याची गाठ पडली. पंगत उठल्यावर आम्ही त्यास हा सर्व नियम सविस्तर समजावून सांगितला, राशींच्या हिशेबासह. त्याची पाने आम्ही पाहिली होती, हेही सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “आणि तुझ्याकडे काय होतं रे?”

आम्ही सांगितले. तो मोठ्याने हसला. इतका की, शेजारची मंडळी वळून पाहू लागली. मग हसू ओसरल्यावर म्हणाला, “माझे पैसे मोजलेले तू पाहिले होतेस ना? मला तेव्हाच वाटलं होतं.”

आम्ही पानाचे तबक त्याच्यापुढे सरकविले. त्याने एक विडा उचलला आणि दुसरा आमच्या हाती दिला.