जुनी देऊन जुनी

बैलाची अदलाबदल करताना अण्णा तीन गोष्टी बघायचे. दात, खूर, आणि समोरचा मालक बैल का काढतोय ते. म्हणायचे, “पहिल्या दोन गोष्टी बैल सांगतो. तिसरी मालक कधी खरी सांगत न्हाई.”

दावणीला बैल राहिले नाहीत, पण दोन वर्षांमागं माझ्यावर तशीच अदलाबदल करायची वेळ आली. अण्णांची जीप द्यायची आणि वर सव्वा लाख घालून जिप्सी घ्यायची. तीही जुनीच. म्हणजे म्हातारा बैल देऊन दुसरा म्हातारा बैल आणायचा.

जीप १९८९ची, महिंद्राची एमएम ५४०, डिझेलवरची. अण्णांनी ती १९९१ साली जुनीच घेतली. आमची वाडी पाटणच्या वर, पठाराच्या कडेला. डांबर फाट्यापर्यंत. तिथून वाडीपर्यंत तीन किलोमीटर जांभ्याची वाट, मध्ये ओढा. पावसाळ्यात त्या ओढ्यातून एसटी तर सोडाच, मोटारसायकलही ढकलत न्यावी लागायची. जीप मात्र पाणी बघून थांबत नसे. गिअरच्या दांड्याशेजारची आखूड दांडी ओढली की पुढची चाकंही ओढायला लागायची, आणि गाडी चिखलातनं रेड्यासारखी मुंडी खाली घालून वर यायची.

बाजारच्या दिवशी अण्णा वडाप करायचे. नऊ माणसांच्या जागेत पंधरा माणसं, दोन करडं आणि कोंबड्यांची डालगी. एरवी भाताची पोती, खताच्या गोण्या, नवरदेव, आजारी माणसं. पलीकडं वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा तिथल्या कामावर जाणारी माणसंही काही दिवस आमच्याच जीपनं गेली. वाडीतली निदान अकरा पोरं जीपमधनं दवाखान्यात जाऊन जन्मली. हा आकडा आमच्या आईनं ठेवला होता, बोटांवर.

अण्णा २००९ साली गेले. जीप माझ्याकडं आली, आणि तिच्याबरोबर तिच्या खोड्याही आल्या.

डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून दाबून इतकी तापवायची की आत सोडलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. इंजिन गार असलं की तेवढी ऊब पुरत नाही, म्हणून आधी हीटर धरायचा. नव्या गाडीला थोडा वेळ पुरतो. आमच्या जीपला अण्णा वीस आकडे मोजायचे. मी तीस मोजत होतो. पावसात चाळीस. मग क्लच पूर्ण दाबून, अर्धा अ‍ॅक्सिलेटर देऊन सेल मारायचा, एकदा सोडायचा, परत मारायचा. त्यातूनही नाही झाली तर उतार. म्हणून जीप कायम घरापुढच्या उतारावर, तोंड खाली करून उभी असायची. मागच्या चाकाला दगड. दगड काढला, दुसरा गिअर टाकला, दहा हात गेली की क्लच सोडायचा. धड् धड् करून इंजिन उठायचं.

हे सगळं मला हातातल्या विळ्यासारखं माहीत होतं. दुसऱ्या कुणाला नव्हतं. पुतण्या एकदा-दोनदा बसला, गाडी काही त्याचं ऐकेना. मी हसत म्हणायचो, “तिला माझाच हात लागतो.”

मग तो आषाढ आला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी कराडला गेलो होतो. जाताना जीप उतारावरनं काढून मागच्या छपरात लावली. हुड फाटकं होतं, भिजून आणखी कुजेल म्हणून. चार दिवसांचा तर प्रश्न होता.

तिसऱ्या रात्री वाडीतल्या एका लेकीला कळा सुरू झाल्या. पुतण्याची बायको, आमची सूनबाई, वाडीची आशा सेविका आहे. तिनं १०८ला फोन केला. गाडी आली, पण फाट्यापर्यंत. ओढ्याला पाणी होतं. पुतण्यानं जीपवर सेल मारून मारून बॅटरी उतरवली. मग सहा जणांनी ढकलायला घेतलं. छपरातली जागा सपाट, खाली चिखल. जीप हलली नाही. शेवटी घोंगडं आणि कळक घेऊन डोली केली. तीन किलोमीटरला पावणेदोन तास लागले. ओढ्यात माणसं छातीएवढ्या पाण्यात हात धरून उभी राहिली.

बाई आणि बाळ दोघं सुखरूप. पण मी डोळ्याला पट्टी बांधून घरी आलो तेव्हा सूनबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि एवढंच म्हणाली, “तात्या, पोर वाटंतच झालं असतं. माझ्याजवळ कात्री बी नव्हती.”

मी छपरात जाऊन जीपकडं बघितलं. हुड कोरडं ठणठणीत होतं.

पुतण्यानं जिप्सीचं स्थळ काढलं ते त्यानंतर. कराडजवळच्या एका बागायतदाराची, २००४ची, तेराशे सीसीची, पेट्रोलवरची. “तात्या, चावी फिरवली की चालू. कुणीबी चालवू शकतं,” तो म्हणाला. खोटं नव्हतं. जिप्सी अंगानं हलकी, टनाच्या आसपास. चिखलात जड गाडी रुतते तिथनं हलकी निघून जाते. पाच गिअर, चारी चाकं ओढणारी. लष्करानं ती उगाच इतकी वर्षं वापरली नाही.

बागायतदाराला जीप हवी होती ती शेतावरच्या बंगल्यापुढं ठेवायला. आता जुन्या जीपांना तसले दिवस आलेत. रुंद टायर, हिरवा रंग, पुढं लोखंडी बंपर, आणि रविवारी पाहुण्यांना एक चक्कर. अण्णांच्या जीपला म्हातारपणी एवढं सुख मिळालं तर वाईट काय, असंही मनात आलं. त्यानं जीपचे दीड लाख धरले, जिप्सीचे पावणेतीन.

कागदावर मांडलं. पेट्रोल शंभरीच्या पुढं. जिप्सी लिटरला नऊ-दहा देणार, जीप भरली पोती घेऊनही थोडी जास्त देते. पोती जिप्सीत निम्मीच बसणार. पंधरा वर्षांवरच्या गाडीला दर पाच वर्षांनी पासिंग करून नोंदणी वाढवावी लागते. ती फी २०२२च्या एप्रिलपासून सहाशेची पाच हजार झाली, वर हरित कर वेगळा. पण तो खर्च दोन्ही गाड्यांना सारखाच, दोघीही म्हाताऱ्या. जिप्सी तर खुल्या बाजारासाठी बनायचीही बंद झालेली. हिशेब कुठंच एका बाजूला झुकेना.

पाटणचा मेस्त्री बरोबर घेऊन कराडला गेलो. जिप्सी उन्हात चमकत होती. चावी फिरवली, पहिल्या झटक्याला चालू. पुतण्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. खरं सांगतो, मला हेवा वाटला.

मेस्त्री काही न बोलता पोतं अंथरून खाली शिरला. खालून ठक ठक आवाज यायला लागला. बाहेर आला तेव्हा त्याच्या तळहातावर तांबड्या पापुद्र्यांचा ढीग होता. चासीला वरून नवा काळा रंग, आत गंज. मागच्या पाट्याच्या जोडाशी स्क्रूड्रायव्हर आत गेला.

“गाडी कुठं होती आधी?” त्यानं मालकाला विचारलं.

मालक आधी इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणाला, आठ वर्षं कोकणात होती, दर्याकाठी.

म्हणजे अण्णांची तिसरी गोष्ट. मालक बैल का काढतोय. परतीच्या वाटेवर मी मेस्त्रीला म्हटलं, “बरं झालं तू होतास. फसवत होता.”

मेस्त्री तंबाखू मळत होता. म्हणाला, “त्यानं इचारलं असतं, तात्या तुमी जीप का काढताय, तर काय सांगितलं असतं तुमी?”

मी सांगणार होतो की आता वय झालं, डोळे गेले, पोरांना चालवायला सोपी पाहिजे. हे सांगण्यासारखं होतं. खरं नव्हतं. खरं हे होतं की चारांपैकी दोन हीटर कधीचे मेलेले होते. सेलची मोटर अशक्त होती. नोझल वर्षानुवर्षं तपासलेले नव्हते. हे मेस्त्रीनं मला तीनदा सांगितलं होतं. तिन्ही वेळा मी म्हणालो होतो, “होतीय की चालू.” मला होत होती. वाडीत दुसऱ्या कुणाला होत नव्हती, आणि आत कुठंतरी ते मला आवडत होतं. रात्री-अपरात्री दारावर थाप पडायची, “तात्या, उठा”, आणि मी उठायचो. चाळीस आकडे मोजायचो, जीप उठायची, लोक म्हणायचे, तात्याच पाहिजेत बाबा. दुखण्याला मी खोडी म्हणत आलो आणि ती मिरवत आलो.

जिप्सी घेतली असती तर ही गोष्ट जीपबरोबर बंगल्यापुढं जाऊन उभी राहिली असती, हिरव्या रंगाखाली. त्या काळ्या रंगाखाली गंज होता तशी.

“कामाला किती लागतील?” मी मेस्त्रीला विचारलं.

त्यानं बोटं मोडली. चार हीटर, सेलची दुरुस्ती, बॅटरी, नोझल आणि पंपाचं काम, क्लच प्लेट, ब्रेक, हुड. “पंचेचाळीस धरा.”

सव्वा लाखाच्या निम्म्यापेक्षा कमी. एवढे पैसे दहा वर्षांत केव्हाही उभे राहिले असते.

जीप तीन आठवडे पाटणला होती. आली तेव्हा मी सवयीनं उतारावर लावायला सांगितली, तर पुतण्या म्हणाला, “आता कशापायी?” खरंच, कशापायी. पण चावी माझ्या कोनाड्यातनं काढून ओसरीच्या खिळ्याला अडकवली, बाहेरून हात पोचेल अशी. हे काम इंजिनाच्या कामापेक्षा अवघड गेलं.

चालवायला पुतण्या शिकला, आणि सूनबाईही शिकली. तिचंच शिकणं गरजेचं होतं, कारण फोन आधी तिला येतो. पहिल्यांदा तिनं ओढ्याच्या मधोमध गाडी बंद पाडली. मी शेजारी बसून ओरडणार होतो. गप्प बसलो. तिनं हीटर धरला, सेल मारला, आखूड दांडी ओढली आणि बाहेर काढली. चार महिन्यांनी कराडला परीक्षा देऊन पक्कं लायसन काढून आणलं.

गेल्या श्रावणात एका रात्री मला सेलच्या आवाजानं जाग आली. उठून बसलो, तोवर इंजिन लागलंही होतं. चाळीस नाही, दहासुद्धा आकडे झाले नसतील. जीपचा आवाज ओढ्याकडं उतरला, पाण्यात जरा जड झाला आणि पलीकडं गेला. दारावर थाप पडली नव्हती. मला कुणी उठवलं नव्हतं. जरा वेळ अंथरुणात तसाच बसून राहिलो, मग आडवा झालो.

सकाळी समजलं, वरच्या आळीतल्या म्हाताऱ्याला छातीत दुखत होतं, वेळेत पोचला. जीप परत आली ती चिखलानं माखलेली, आणि टाकीत डिझेलचा थेंब नव्हता. सूनबाईला म्हटलं, “गाडी परत आणली की डिझेल बघून ठेवायचं. उद्या कुणाला लागली तर?”

ती हसली. म्हणाली, “व्हय तात्या. आता तुमी बी ध्यानात ठेवा.”