भिशीचे साठ हजार आणि लेकीचा लॅपटॉप

गेल्या जूनमध्ये आमच्या मिरजेच्या घरात एक प्रश्न येऊन बसला, तो तीन महिने उठला नाही. थोरली लेक बारावी झाली. हात पहिल्यापासून चांगला. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत तिला ए ग्रेड होती. कलेची सीईटी दिली आणि कोल्हापुरातल्या एका कला महाविद्यालयात उपयोजित कलेच्या पदवीला प्रवेश मिळाला. पेढे वाटून झाले आणि त्याच संध्याकाळी ती हळूच म्हणाली, "अम्मी, अब्बा, डिझाइनला लॅपटॉप लागतो."

आम्ही दोघंही हाताने काम करणारी माणसं. आमच्यातला एक पेंटर. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंती, टेम्पोवरचे नंबर रंगवण्यात तीस वर्षं गेली. फ्लेक्स आला तसं हे काम आटत गेलं. दुसरी घरी शिलाई करते. मोहल्ल्यातल्या बारा जणींची महिना पाच हजारांची भिशी आहे. ऑगस्टमध्ये आमचा नंबर होता. त्या साठ हजारांतून ओव्हरलॉक मशीन घ्यायचं आणि उरलेले फीला ठेवायचे, असं वर्षभर आधी ठरलेलं. आता त्या पैशांवर लॅपटॉपही डोळा ठेवून बसला.

सल्ले द्यायला कोणी कमी नव्हतं. पुण्याच्या मामूंनी फोनवर सांगितलं, "गेमिंगवाला घ्या. ग्राफिक कार्ड असल्याशिवाय डिझाइन होत नाही." त्याची किंमत ९२,०००. भाच्याच्या मते मॅकशिवाय दुसरं बघायचंच नाही. शेजारचा मुलगा म्हणाला, "कोणताही चालतो. स्वस्तातला घ्या, सॉफ्टवेअर मी क्रॅक करून फुकट टाकून देतो." प्रत्येकाचं ऐकून आमचा गोंधळ वाढत होता. लेक मात्र गेमिंगवाल्याकडे झुकली होती, कारण वर्गातल्या दोन मुलांनी तोच घेतला होता.

पैशांचा तोडगाही मामूंनीच काढला. "माझं क्रेडिट कार्ड वापरा. नऊ हप्ते, नो-कॉस्ट ईएमआय, एक पैसा व्याज नाही." आमच्या घरात व्याजाचा पैसा येत नाही आणि जात नाही. बापजाद्यांनी अडचणीत दिवस काढले, पण हे पाळलं. त्यामुळे व्याज नाही हे ऐकून बरं वाटलं. तरी दुकानात गेल्यावर म्हटलं, कागद दाखवा. कागदावर वेगळंच निघालं. बँक व्याज लावतेच. तेवढी रक्कम विकणारा किमतीत सूट म्हणून देतो, म्हणून ते आपल्याला दिसत नाही. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी मात्र आपल्याच खिशातून जाते. शिवाय रोख घेतला तर दुकानदार दोन हजार कमी करायला तयार होता, हप्त्यांवर ते मिळत नव्हते.

आम्ही इमामसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "विकणाऱ्याने एक किंमत ठरवून ती हप्त्याने घेतली, तर बहुतेक उलेमा त्याला हरकत घेत नाहीत. पण मध्ये बँकेचं व्याजाचं कर्ज असेल तर त्याला दुसरं नाव दिल्याने ते बदलत नाही. कागदावर काय लिहिलंय ते वाचा." वाचलेलं आमच्यासमोरच होतं. आणि धर्माचं बाजूला ठेवलं, तरी महिन्याला दहा हजारांवरचा हप्ता पाट्या रंगवून आणि ब्लाउज शिवून निघाला नसता. विषय तिथेच मिटला. जे घ्यायचं ते साठ हजारांच्या आसपास आणि रोख.

लेक दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी आम्ही तिच्याबरोबर कॉलेजात गेलो आणि मॅडमना भेटलो. हे काम आम्ही सगळ्यात आधी करायला हवं होतं. मॅडमनी पहिलाच प्रश्न केला, "डिझाइन म्हणजे कोणतं डिझाइन?" आम्हाला उत्तर देता येईना. मग त्यांनीच समजावलं. आर्किटेक्चरच्या मुलाला रेव्हिट लागतं, ते विंडोजवरच चालतं. थ्रीडी ॲनिमेशन करणाऱ्याला ग्राफिक कार्ड हवंच. पण तुमच्या मुलीचं काम पोस्टर, पुस्तकाचं मुखपृष्ठ, बोधचिन्ह, अक्षरं. त्याला महागडं कार्ड लागत नाही. तिला लागेल चांगला पडदा आणि भरपूर मेमरी. आणि पहिल्या सत्रात बहुतेक काम पेन्सिल, पोस्टर कलर आणि कागदावरच आहे. बाकीला कॉलेजची लॅब आहे. घाई कशाला?

परत येताना पॅसेंजरमध्ये लेक स्वतःच म्हणाली, "दिवाळीपर्यंत थांबूया." तिचं रोजचं जाणं-येणं मिळून जवळजवळ शंभर किलोमीटर. दप्तर, ड्रॉइंग बोर्ड आणि गर्दी. तिच्या मैत्रिणीचा गेमिंग लॅपटॉप आम्ही हातात धरून पाहिला होता. सव्वादोन किलोचा, त्याचा चार्जर विटेसारखा, आणि चार्जरशिवाय फार वेळ टिकत नाही. गाडीत उभं राहून हे ओझं रोज वाहायचं कसं, हा विचार कोणत्याच जाणकाराने आम्हाला सांगितला नव्हता.

आमच्या गल्लीत सतारमेकर चाचा राहतात. एका संध्याकाळी त्यांच्यापुढे आम्ही कंपन्यांची नावं आणि किमती घोळवत बसलो. ते हसले. "सतार घ्यायला येणारा लेबल बघतो का? तो आधी वाजवून बघतो. तुम्ही लॅपटॉप लावून बघितलात का?"

दिवाळीच्या सुट्टीत लेकीने पेनड्राइव्हवर स्वतःची दोन पोस्टरं घेतली. दुकानात दोन लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवून तेच चित्र दोन्हींवर उघडायला लावलं. किंमत जवळपास सारखी, दोन्हींवर 'फुल एचडी' लिहिलेलं. पण आमच्यातला पेंटर पुढे वाकला आणि म्हणाला, "या पडद्यावर लाल मेलाय. हा कुंकवाचा लाल नाही, विटकरी झालाय." दुकानदाराला ते पटेना. लेकीने मॉडेल नंबर घेऊन मोबाइलवर कंपनीची माहिती काढली. पहिल्याच्या पडद्याला ४५ टक्के एनटीएससी लिहिलं होतं, दुसऱ्याला १०० टक्के एसआरजीबी. म्हणजे पहिला पडदा कित्येक रंग पूर्ण दाखवूच शकत नव्हता. एकवीस वर्षांपूर्वी फ्लेक्सवाल्याने "आता तुमचं काय काम?" असं विचारलं होतं. त्या दिवशी त्या जुन्या डोळ्यांचं काम निघालं. लेक अब्बांकडे बघत राहिली.

शेवटी घेतला तो असा: १४ इंची, दीड किलोच्या आतला, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, पूर्ण रंगांचा आयपीएस पडदा, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. किंमत ६१,५००, रोख. रॅमबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डालाच डकवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. त्यामुळे "आता ८ घ्या, पुढे वाढवू" हे ऐकण्याआधी वाढवायला जागा आहे का ते विचारावं. मॅकमध्ये तर नंतर वाढवता येतच नाही. त्याचा पडदा चांगला असतो हे खरं, पण आमच्या पैशांत तो बसत नव्हता. सर्व्हिस सेंटर सांगलीत आहे, हेही आम्ही आधीच विचारून घेतलं.

क्रॅकवाल्या मुलाला आम्ही नको म्हटलं. दुसऱ्याच्या कष्टाची वस्तू न विचारता घ्यायची आणि तिच्यावर आपल्या मुलीने आपली कला उभी करायची, हे मनाला पटलं नाही. वर अशा फायलींतून व्हायरस येतात ते वेगळंच. चित्रं काढायला क्रिता, रेषांच्या कामाला इंकस्केप, फोटोंना गिंप आणि थ्रीडी शिकायचंच झालं तर ब्लेंडर, ही सगळी रीतसर मोफत मिळतात. फिग्मा विद्यार्थ्यांना फुकट आहे. ॲडोबीचं काम ती कॉलेजच्या लॅबमध्ये करते. साठवलेल्या ईदीतून तिने एक छोटा पेन टॅबलेट घेतला. काम दोन ठिकाणी ठेवायचं ही सवय मॅडमनी लावली, म्हणून एक जुनी हार्ड डिस्कही आहे.

या सगळ्यात ओव्हरलॉक मशीन राहिलं. भिशीचे साठ हजार गेले, वरचे दीड हजार शिलाईच्या डब्यातून गेले आणि ब्लाउजच्या कडा आजही बाहेरून मारून आणाव्या लागतात. हे लेकीला ठाऊक आहे. आम्ही तिला ते ऐकवत नाही, पण लपवतही नाही. मुलांना घरातला हिशेब कळलेला बरा. तिने मोहल्ल्यातल्या एका लग्नाची पत्रिका करून दिली, त्याचे पंधराशे रुपये न बोलता त्याच डब्यात टाकले.

सध्या रात्री इशाची नमाज झाली की बाप-लेक लॅपटॉपसमोर बसतात. अब्बांनी ब्रशने कागदावर अक्षर काढायचं, तिने ते स्कॅन करून इंकस्केपमध्ये त्याच्या कडा धरायच्या. तिला त्या अक्षरांचा फाँट करायचा आहे. देवनागरीचा फाँट म्हणजे नुसती बाराखडी नव्हे, जोडाक्षरं धरून शेकड्यांनी आकार लागतात. आतापर्यंत त्रेचाळीस झाले आहेत. काल 'क्ष' वर दोघांचं भांडण झालं. ती म्हणाली, "अब्बा, गाठ जरा मोकळी करा, लहान आकारात ती भरून जाते." तीस वर्षांत त्या गाठीला कोणी हात लावला नव्हता. अब्बांनी ब्रश धुतला, नवा कागद घेतला आणि पुन्हा 'क्ष' काढला.