ढोलकपूर, सेकंड फ्लोअर

चिरंजीव दोन वर्षांचे होताहेत. थीम अर्थातच छोटा भीम! २००८ मध्ये पोगोवर आलेल्या या लाडूवाल्या हीरोने आमच्या घरातही ठाण मांडलंय.

नवऱ्याला मॅस्कॉटसकट पॅकेज हवं होतं. म्हटलं, 'अरे, सहा फुटी भीम बघून तो भोकाड पसरेल!' म्हणून घरीच ढोलकपूर.

फंडा सिंपल. दुपारची झोप झाली की पाच ते सात, पोरं फक्त सहा. भीमाच्या धोतरासारखे केशरी पडदे. फुगे उंचावर, कारण फुटलेला तुकडा चिमुकल्यांच्या घशात अडकू शकतो.

टुनटुन मावशीचे लाडू? सासूबाई म्हणाल्या, 'बेसनाचे मी वळते.' दिवसभर आम्ही ऑफिसात. त्याच्यासोबत भीम बघतात त्याच. चुटकी कोण, जग्गू कोण, हे मलाही त्यांनीच शिकवलं. मग गेस्ट लिस्टमधले आमचे ऑफिसवाले कट केले आणि आजीच्या भिशीतल्या चार मैत्रिणी अ‍ॅड केल्या. पिल्लू त्यांना नावानिशी ओळखतं, आमच्या बॉसला नाही! केकआधी औक्षणही आजीच करणार.

आणि मी? चक्क हाफ-डे टाकलाय. लाडू वळायला त्यांच्या शेजारी बसणार आहे.