दाराशी ठेवलेली पिशवी

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण पाणीच दाराशी आले तर काय उचलावे, हे सहसा कोणी शिकवीत नाही. बडोद्यात विश्वामित्रीच्या आसपास राहणाऱ्यांना हा प्रश्न टाळता येत नाही. पावागडाकडून येणारी ही नदी एरवी निमूट असते. परंतु ३१ जुलै २०१९ रोजी चोवीस तासांत सुमारे २० इंच पाऊस कोसळला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये शहराचा मोठा भाग पुन्हा पाण्यात गेला. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत शहराची तहान भागविण्यासाठी बांधलेले आजवा सरोवर तुडुंब भरले, की त्याचे पाणी नदीलाच येऊन मिळते. पुराबरोबर मगरीही वस्तीत येतात. दिवे गेलेल्या रात्री, अशा पाण्याच्या काठाशी उभे राहून, सामानाचा विचार करणे शक्य नसते.

म्हणून २०२४ च्या पुरानंतर आमच्या घरी एक पिशवी सिद्ध झाली. ती पाठीवर अडकविण्याची आहे. कारण शहाऐंशी वर्षांच्या सासूबाईंना धरायला दोन्ही हात मोकळे हवेत. हे एकदा ठरले, आणि बाकीचे आपोआप ठरत गेले. माणशी रोज ४ लिटर पाणी धरले, तर तिघांचे तीन दिवसांचे ओझे ३६ किलो होते. ते कोण उचलणार? तेव्हा पाण्याचे कॅन माडीवर गेले, आणि पिशवीत दोन बाटल्या व पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या राहिल्या. सासूबाईंच्या औषधांसोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत ठेवली. इन्सुलिन शीतकपाटातच असते; निघताना ते घेण्याची आठवण पिशवीवर ठळक अक्षरांत चिकटविली आहे. चष्म्याची जुनी जोडी, विजेरी, शिट्टी, सुके खाणे, आधारकार्ड व पासबुकाच्या प्रती मेणकापडात गुंडाळून ठेवल्या. सुट्या नोटा घेतल्या; कारण वीज आणि मोबाईलचे जाळे गेले, की फोनमधले पैसे फोनमध्येच राहतात. नातलगांचे दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहिले. दर अक्षय्य तृतीयेला आणि दसऱ्याला गोळ्यांच्या तारखा व विजेरीचे सेल तपासायचे, असा नेमही केला.

सासूबाई हे सारे शांतपणे पाहत होत्या. मग देवघरातला बाळकृष्ण त्यांनी फडक्यात गुंडाळून वरच्या कप्प्यात ठेवला. म्हणाल्या, "देव हलका आहे गं. कागद जड आहेत, त्यांचं काय करणार?"

कागद म्हणजे घराण्याचे मोडी दफ्तर. गायकवाडांच्या चाकरीत आलेल्या पूर्वजांची पत्रे, वाड्याच्या वाटणीचे टिपण, कुठल्याशा बाळंतपणाच्या खर्चाची यादी. ट्रंक उचलायला दोघे लागतात. ती पिशवीत मावणे नाही, आणि पाण्यात सोडून जाणे मनाला मानवणारे नाही. उपाय एकच होता. प्रत्येक कागदाचे छायाचित्र काढून एक संच इंदूरच्या नणंदेकडे आणि एक पुण्याच्या भाच्याकडे पाठविला. ट्रंक माडीवर चढविली.

मात्र छायाचित्रे पाहून भाच्याने फोन केला, "मामी, हे वाचायचं कसं?" तेव्हा लक्षात आले, की आमच्या साऱ्या गोतावळ्यात मोडी वाचणाऱ्या आता एकट्या सासूबाईच उरल्या आहेत. त्यांच्या वडिलांनी त्यांना ती लिपी पाटीवर शिकविली होती. कागद तीन गावी सुरक्षित झाले. पण ते बोलते करणारी दृष्टी एकाच ठिकाणी, आणि तीही मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली.

तेव्हापासून दुपारी चहानंतर त्या भिंग घेऊन वाचतात आणि मी बाळबोधीत उतरवून घेते. एखाद्या वळणावर त्या अडतात, "थांब हं, हा 'र' आहे की 'त'?" असे पुटपुटतात, आणि सुटले की लहान मुलीसारख्या हसतात. एकशे चाळीस कागदांपैकी बासष्ट झाले आहेत. पाटी मीही हाती घेतली आहे. माझी अक्षरे पाहून त्या मान हलवितात, पण पुसू देत नाहीत.

आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर असे एखादे दफ्तर असेल. पावसाळ्यापूर्वी पिशवी अवश्य भरावी. तिला एक दुपार पुरते. दफ्तर वाचणारे माणूस घरात असेल, तर त्याच्याजवळ बसायला मात्र आजच आरंभ करावा.